सात बैठकांचा रस्ता

आमच्या हिला किलोमीटर कळत नव्हते. रस्ता किती लांब, असं विचारलं की सांगायची, "चार बैठका." म्हणजे वाटेत चारदा टेकायला जागा आहे. नहेरीचा, म्हणजे कालव्याचा कठडा, लिंबाखालचा ओटा, उसाच्या बांधावरचा दगड, काहीही चालायचं. जिथे बसायला जागा नाही, तो तिच्या लेखी रस्ताच नव्हता.

भेस्तानच्या आमच्या गल्लीत तिला सगळे नहेरवाली मावशी म्हणायचे. मी तीस वर्षं लूमच्या खात्यात, कापडाच्या मागांपुढे उभ्यानं काढली. गुडघे गेले. काम सुटलं तसा खाटेला चिकटलो. तिनं महिनाभर बघितलं आणि एका रविवारी चपला पुढ्यात टाकल्या. "उठा. खाटले मुळं फुटतीन आते." चिडली की ती घरच्या अहिराणीत यायची.

मग दर रविवारी नहेरीच्या काठानं, कधी बारडोलीकडे उसातल्या गाडीवाटेनं. गल्लीतल्या बायकाही येऊ लागल्या. तिचे नियम तीनच. चढ नको, ट्रक नको, कुत्रं एकापेक्षा जास्त नको. दर थोड्या वेळानं म्हणायची, "बठा हो, तुमना गुडघा दुखतीन."

माझी जुनी सायकल ती बरोबर घ्यायची. चालवता येत नव्हती, नुसती ढकलायची. डबा आणि पाणी तिच्यावर. मी म्हणायचो, "मला फिरवतेस की सायकलला?"

"ती बरी. तुमच्यापेक्षा कमी कुरकुरते."

कामरेजकडचा तापीकाठचा रस्ता तिनंच शोधला. सात बैठका. तिचं माहेर खानदेशात, तापीच्याच काठी. आपल्या गावचं पाणी इथं कसं दिसतं, ते तिला एकदा बघायचं होतं. पाचव्या बैठकीला मी भडकलो. "लहान पोरासारखं किती बसवशील? माझे गुडघे बरे आहेत आता."

"मग तुम्ही या जाऊन," ती म्हणाली. "मी डबा उघडते."

गेलो. आलो.

"कशी दिसते?"

"नदी आहे. पाणी आहे. दुसरं काय असणार?"

ती हसली. भाकरी खाऊन आम्ही तिथूनच परत फिरलो.

दिवाळीनंतर ती गेली. हृदय दोन वर्षांपासून अशक्त होतं, असं डॉक्टर म्हणाले. सुनेला ठाऊक होतं. मला सांगायचं नाही, अशी तिनं शपथ घातली होती. "कळलं तर ते फिरणं सोडतील, परत खाट धरतील."

तेरावं झाल्यावर सायकल पुसायला घेतली. हँडलच्या डाव्या मुठीचं रबर दाबून दाबून चपटं झालेलं, उजवीचं जसंच्या तसं. ती सायकल ढकलत नव्हती, तिच्यावर भार टाकून चालत होती. हजार धाग्यांतला एक तुटका धागा मी लांबून ओळखायचो. हे शेजारी चालूनही दिसलं नाही मला. गाढव मी.

आता गल्लीतल्या म्हाताऱ्यांना मीच नेतो, तीच सायकल घेऊन. परवा कामरेजच्या रस्त्यावर पाचव्या बैठकीपाशी शेजारच्या आजीबाईंना धाप लागली. लाजेनं बोलेनात. सगळे पुढे निघाले होते.

मी सायकल स्टँडवर लावली आणि आधी बसलो.

"बसा जरा सगळे," म्हटलं, "माझे गुडघे दुखताहेत."