दशरथच्या साहेबांची कुत्री

दशरथ घाडीला मुंबईत ‘साहेबांनी विचारलंय’ या दोन शब्दांइतकं दुसरं काही कामाला आलं नव्हतं. फोर्टातल्या एका विमा कंपनीत तो शिपाई होता. खाकी कोट, छातीवर तिरका पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. पण बिल्ल्यापेक्षा ते दोन शब्दच जास्त चकाकायचे. मासळीबाजारात, शिंप्याकडे, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे तो हळूच म्हणायचा, साहेबांनी विचारलंय, की लोक त्याच्यापुढे स्टूल सरकवायचे. मालवणाकडच्या खेड्यातून आलेल्या माणसाला या शहरात पाय टेकायला काहीतरी लागतंच. दशरथने साहेबांचा आधार घेतला होता, आणि साहेबांना त्याचा पत्ताही नव्हता.

राहायला तो मुलुंडला, पूर्वेकडे, चाळीच्या शेवटच्या खोलीत. दाराबाहेर थोडं गवत आणि मग थेट मिठागरं. उन्हाळ्यात संध्याकाळी मिठाचे ढीग आधी पिवळे व्हायचे, मग गुलाबी, आणि अंधारून आलं तरी त्यांच्यातला उजेड मावळायचा नाही. बांधावर बसलेल्या दशरथला वाटायचं, पलीकडे खाडी नाहीच, आपल्या गावचा समुद्र आहे, आणि आता वडील होडी ओढत वाळूवर येतील. बायको सुगंधा शेजारी तांदूळ निवडत बसलेली असायची. हा माणूस अर्धा इथे असतो आणि अर्धा कुठे असतो ते रवळनाथालाच ठाऊक, असं ती म्हणायची.

पिवळी कुत्री सुगंधानेच लावून घेतली होती. तिला पेज घालायची, बांगड्यांची डोकी घालायची. नाव काही ठेवलं नव्हतं, नुसतं ‘गो’ म्हणून हाक मारायची. दशरथ कुरकुरायचा, ती तुझी, मला तिचं काही सांगू नकोस. मग एका वर्षी काविळीने सुगंधा गेली आणि कुत्री दारातच राहिली. आता ही कुणाची, असं शेजारच्या विमलाने विचारलं तर दशरथ खुंटीवर अजून तसंच टांगलेल्या सुगंधाच्या लुगड्याकडे बोट दाखवायचा. पेज मात्र रोज घालायचा. ठेव सांभाळावी तशी तो तिला सांभाळत होता.

चैत्रात कुत्रीच्या पोटाखाली गाठ आली. आधी सुपारीएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. ती चालताना थांबू लागली आणि पेजेकडे बघून तोंड फिरवू लागली. सुगंधाची म्हणून घरात हलतीबोलती उरलेली तेवढी एकच होती. पण गावठी कुत्रीसाठी डॉक्टर शोधतो म्हटलं असतं तर चाळ हसली असती. म्हणून रविवारी त्याने बिल्ला घासला, पट्टा चढवला आणि भाव काढायला निघाला. मासळी घ्यायच्या आधी चार टोपल्या बघाव्यात, हा त्याचा शिरस्ता होता.

अंधेरीच्या डॉक्टरांचा बंगला होता आणि दारात मधुमालती होती. साहेबांनी विचारलंय म्हणताच दशरथला खुर्ची मिळाली. डॉक्टरांनी जात विचारली. कंपनीच्या एका डायरेक्टरकडे पाहिलेला कुत्रा आठवून दशरथने अल्सेशियन म्हणून सांगून टाकलं. मग काय विचारता, क्लोरोफॉर्म, ऑपरेशन, ड्रेसिंग, दवाखान्यातला मुक्काम आणि वर रोज मटणाचं सूप, सगळं मिळून नव्वद रुपये. दशरथचा पगार त्याहून थोडाच जास्त होता, आणि मटणाचं सूप त्याने स्वतःही कधी चाखलं नव्हतं. नाकापेक्षा मोती जड, असं मनाशी म्हणत तो परतला.

मुलुंडच्या तबेल्यांत म्हशींचं बघणारा एक माणूस होता, पूर्वी पलटणीत घोडे सांभाळलेला. तो पंधरा रुपयांत करायला तयार होता. भूलबिल काही नाही, चौघांनी दाबून धरायचं आणि वस्तरा चालवायचा. तिला दुखेल ना, असं दशरथने चाचरत विचारलं. तो माणूस हसून म्हणाला, दुखलं तर तुझ्या साहेबाला थोडंच दुखणार आहे? रस्ताभर दशरथचा हात आपल्याच पोटावर जात राहिला.

घाटकोपरला व्यापाऱ्यांनी चालवलेला जनावरांचा धर्मादाय दवाखाना होता. तिथले म्हातारे डॉक्टर चंद्रप्रकाश एका बकरीचा पाय बांधत होते. साहेबांनी विचारलंय, या शब्दांनी त्यांनी मानही वर केली नाही. ऐपत असलेल्यांना चाळीस, एवढंच म्हणाले. आणि गरिबाचं जनावर असेल तर, असं दशरथने सहज विचारल्यासारखं विचारलं. तेव्हा म्हाताऱ्याने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

“औषधाचे पाच. पण ज्याचं जनावर त्यानेच यायचं. भूल चढेपर्यंत त्यानेच धरायचं. परक्याच्या हातात जनावर घाबरूनच मरतं.”

पाच रुपये दशरथकडे होते. नव्हतं ते दुसरंच काही. जिचं जनावर ती तर गेली होती. आणि साहेबांचं नाव सांगून झाल्यावर, माझीच ती, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? दिवसामागून दिवस गेले, गाठ वाढत गेली, आणि दशरथ बांधावर बसून राहिला.

पुढच्या रविवारी दुपारी तिथेच त्याचा डोळा लागला. मिठाचे ढीग हलके होऊन जमिनीवरून जरासे वर उचलले गेले होते, आणि त्यांच्यामधून सुगंधा येत होती. कुत्री तिच्या पायात घुटमळत होती. लांबून कुणीतरी विचारलं, कोणाची ही? सुगंधाने दशरथकडे बघितलं. तो काहीच बोलला नाही. ती थोडा वेळ थांबली, मग कुत्रीला तिथेच बसवून खाडीच्या बाजूने चालू लागली आणि पांढऱ्या उजेडात दिसेनाशी झाली. दशरथ दचकून जागा झाला. कुत्रीचं डोकं त्याच्या पावलावर होतं आणि ते तापाने फणफणत होतं. बायको गेली तेव्हा चारचौघांत न रडलेला दशरथ त्या बांधावर हुंदके देऊन रडला.

सोमवारी त्याने पट्टा घातला नाही. खुंटीवरचं लुगडं काढलं, त्यात कुत्रीला गुंडाळलं आणि घाटकोपरकडे जाणाऱ्या मिठाच्या लॉरीत बसला. विमला दारात उभी होती. ती हसली नाही. चाळीतलं कुणीच हसलं नाही.

डॉक्टरांनी त्याला ओळखलं. साहेब आले नाहीत का, असं त्यांनी विचारलं. दशरथच्या ओठांवर नेहमीचे शब्द आले आणि तिथेच थांबले.

“साहेब नाहीत,” तो म्हणाला. “माझी ती. माझीच आसा.”

म्हाताऱ्याने मान हलवून टेबलाकडे बोट दाखवलं. दशरथने कुत्रीला निजवलं, दोन्ही हातांनी धरलं. ती थरथरत होती. तिच्याशी बोलत राहा, डॉक्टर म्हणाले. आजवर तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तो वाकला आणि तिच्या कानाशी म्हणाला, “गो, मी हंयच असंय गो.” हाक ओळखीची होती, आवाज नवा होता. कुत्रीने त्याचं मनगट चाटलं. औषधाचा गोडसर वास पसरला, त्यालाही गुंगल्यासारखं झालं, आणि हाताखालची थरथर हळूहळू थांबली. तिचे डोळे मिटले तरी तो बोलतच होता, गावचं, होडीचं, सुगंधाचं.

बऱ्याच वेळाने डॉक्टर हात पुसत बाहेर आले. दशरथ बाकावर रिकामं लुगडं मांडीवर घेऊन बसला होता. म्हाताऱ्याचे डोळे मिश्कील झाले.

“साहेबांना निरोप द्या. वाचली म्हणावं.”

दशरथने लुगड्याची घडी घातली, ती पुन्हा उलगडली.

“कळलं त्यांना,” तो म्हणाला.