दोन डाव्या बाह्या

शिंप्याच्या त्या दुकानात तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. कापड कापायची तीच आणि गिऱ्हाइकाची बोलती बंद करायचीही तीच. नवरा मशीनवर शिवायचा आणि तिची बोलणी मुकाट खायचा. मजेत चाललं होतं दोघांचं.

पोरगी झाली आणि कात्रीची धारच गेली. कंबर धरलेली, केस मूठमूठ गळताहेत, पोरगी झोपली तरी हिच्या डोळ्याला डोळा नाही. त्यात सासूबाईंचं पालुपद, "आम्ही नाही का पोरं वाढवली?" वाढवली हो, कोण नाही म्हणतंय! पण हिचं खरं दुखणं वेगळंच होतं. पोरीला उचललं की छातीत धडधडायचं, माझ्या हातून पडली तर? नाहीतर मग काहीच वाटायचं नाही, आणि ते जास्त भयंकर. आपल्याला वेड लागतंय, कुणाला कळलं तर पोरगी काढून घेतील, या धास्तीनं तिनं तोंडाला कुलूप लावलं.

दुकानात परत आली आणि पहिल्याच कोटाच्या दोन्ही बाह्या तिनं डाव्या कापल्या. दुसऱ्या बाहीला कागदी नमुना उलटून ठेवायलाच विसरली. नवऱ्यानं त्या तिच्यापुढे धरल्या.

"काय गं, गिऱ्हाईक उजवा हात घरी ठेवून येणार आहे का?"

एरवी तिनं त्याला सोलून काढला असता. आज नुसती बघत राहिली. तिथं मात्र तो घाबरला. शटर ओढलं, कापडाच्या ढिगाशेजारी निजलेल्या पोरीला खांद्यावर टाकलं आणि बायकोला थेट डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

आत ती एकटीच गेली.

"बाळाचं राहू द्या," बाई म्हणाल्या, "तुम्ही कशा आहात?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं हो! ती ढसाढसा रडली, सगळं सांगून मोकळी झाली. मग भीतभीत म्हणाली, "पोरगी काढून घेतील का माझ्याकडून?"

"छे हो! बाळंतपणानंतर पुष्कळजणींना होतो हा आजार. औषधं आहेत, मन मोकळं करायला माणसं आहेत. झोप मात्र हवी. घरच्यांना मी सांगते. बऱ्या व्हाल."

बाहेर नवरा पोरीला थोपटत येरझाऱ्या घालत होता. ही आली ती डोळे सुजलेले, पण हसत.

"अरे, मी आजारी आहे!"

"अगं, मग हसतेस काय?"

"नुसती आजारीच आहे रे. वेडी नाही. वाईट आईही नाही."

त्याला धड काही कळलं नाही, पण तोही रडायला लागला. त्याला नाक पुसायचं होतं, म्हणून तिनं पोरीला घेतलं. मायेचा उमाळा वगैरे काही आला नाही. पडली तर, ही धास्तीही होतीच. तरी तिनं पोरीला परत दिलं नाही.