डावीकडे कलणारी वलयं

आमच्या चाकणच्या कंपनीत ते लेझरचं यंत्र आलं तेव्हा मला दोन दिवसांचं ट्रेनिंग मिळालं आणि एक जाडजूड पुस्तक. पुस्तक मी अजून पूर्ण वाचलेलं नाही. खडबडीत पृष्ठभागावर लेझर पाडला की प्रकाश रव्यासारखा दाणेदार दिसतो. वस्तूवर दाब देण्याआधी एक फोटो, दिल्यावर दुसरा. एकातून दुसरा वजा केला की पडद्यावर वलयं उमटतात. पृष्ठभाग केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतका फुगला तरी ती चुगली करतात. एवढं मला कळलं होतं. बाकी सगळा आनंदच होता.

यंत्र आणलं होतं गिअरबॉक्सच्या झाकणासाठी. तेल गळतं अशी गिऱ्हाईकाची तक्रार होती. झाकणाचे बोल्ट आवळायचे आमचे फिटर मामा, माण तालुक्यातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. मोजून आवळणारा पाना हातात असला तरी शेवटचा पीळ ते अंदाजानंच द्यायचे. "पान्याला काय कळतंय ताई, हाताला कळतंय," म्हणायचे. मॅनेजरांचा संशय त्या हातावरच होता. माझं काम एवढंच, की झाकणाला आतून तेलाचा दाब द्यायचा आणि वलयं बघायची. बोल्ट सारखे आवळलेले असले तर वलयं मधोमध गोल येतात, एखादा सैल असला तर त्या बाजूला कलतात. हाताची चूक निघाली तर मामांना लाइनवरून काढून पॅकिंगला टाकणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मामांनाही.

रोज सकाळी एक झाकण ते स्वतः घेऊन यायचे. आधी यंत्राला नमस्कार. मग टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात एक लोखंडी तुकडा ठेवायचे, त्याला त्यांनीच बारीक भोक पाडलं होतं, त्यात उदबत्ती खोचायचे. "नवीन हाय त्ये. आपली वळख न्हाई त्याला." मग मी पंखा बंद करायची, दार लावून घ्यायची. हवा हलली की चित्र बिघडतं, असं ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं आणि मी ते वेदवाक्य मानलं होतं. घामानं निथळत, मोगऱ्याच्या वासात मी फोटो काढायची.

सकाळच्या झाकणाची वलयं डावीकडे कललेली. दुपारी मामा दुसरं आणायचे, त्याची अगदी गोल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मला काही म्हणजे काही कळेना. लेन्स पुसली, झाकणावर पांढरा स्प्रे पुन्हा मारला, टेबलाखाली रबर घातलं. ट्रेनरला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, यंत्र ओके आहे." म्हणजे मीच ओके नव्हते. एक दिवस मामा भाचीच्या लग्नाला गेले होते. त्यांनी आदल्या संध्याकाळी बसवलेलं झाकण मी सकाळी लावलं आणि त्यांचा नेम मोडू नये म्हणून उदबत्तीही मीच लावली. वलयं डावीकडे.

रिपोर्टात मी दिसलं ते लिहिलं. मॅनेजरांनी वाचून मान हलवली. "सकाळी हात कापत असणार. वय झालं आता." लग्नाच्या दिवसाचं झाकण तर आदल्या संध्याकाळी बसवलेलं होतं. मला काहीच समजत नाहीये, हे एक वाक्य तरी मी त्या रिपोर्टात लिहायला हवं होतं. ते लिहायची मला लाज वाटली, आणि आता न लिहिल्याची वाटते.

हात कापतो असं मामांना सांगितलं गेलं आणि ते पॅकिंगला गेले. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईकाला फोटो पुन्हा हवे होते, म्हणून सकाळी मी त्यांचंच एक जुनं, डावीकडे कललेलं झाकण लावलं. बोल्टवरची रंगाची खूण जागच्या जागी होती, म्हणजे कुणी हात लावलेला नव्हता. वलयं गोल आली. नंबर तपासला, पुन्हा दाब दिला. गोलच. मी डोकं धरून बसले. मग जाणवलं की खोलीत नुसता तेलाचा वास येतोय. कोपऱ्यात तो लोखंडी तुकडा राखेसकट तसाच पडला होता. मी खणातली उदबत्ती काढून त्यात लावली. वलयं डावीकडे सरकली. विझवली, थोडं थांबले, पुन्हा गोल. उदबत्तीची गरम हवा लेझरच्या वाटेत चढत होती, आणि दार लावून, पंखा बंद करून मी तीच रोज जपत होते. दुपारपर्यंत उदबत्ती विझलेली असायची.

दुसरा रिपोर्ट मी त्याच दिवशी दिला. मॅनेजर म्हणाले, सोमवारपासून बोलवा परत. तेल नक्की कशानं गळतं, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

पॅकिंगमध्ये मामा खोक्यांना पट्ट्या मारत होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "यंत्राला उदबत्ती लावता न्हवं? खंड पाडू नका."

मी सगळं सांगितलं. उदबत्तीचं, हवेचं, माझं. मला वाटलं हसतील, नाहीतर चिडतील. त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली आणि उजवा पंजा उघडून बघत राहिले.

"मंजी हात बराबर व्हता?"

"बरोबर होता, मामा."

"आठ दिस झालं," ते म्हणाले, "च्याचा कप दोन्ही हातांनी धरतोय मी."