बियांना पाजलेलं पंचामृत

पूजेची निम्मी भांडी चिंचेनं लख्ख झाली होती, निम्मी तशीच काळी. कुसुमावतीबाई मात्र आंबट हातांनी खिडकीतल्या परातीपुढे उभ्या होत्या. परातीतल्या काथ्यावर पांढरी बुरशी चढली होती, आणि तिच्याखाली होत्या माईंच्या बिया.

माई म्हणजे सासूबाई, धारला असत. त्यांच्या अंगणात सासऱ्यांनी हौसेनं लावलेलं ब्रोमेलियाचं झाड होतं. अननसाच्या कुळातलं, पानांच्या मधोमध पेल्यासारखं पाणी धरणारं. ते एकदाच फुलतं नि मग हळूहळू वाळतं. ब्याऐंशी साली फुललं, तेव्हा सासरे जाऊन वर्ष झालं होतं. बाजूचे फुटवेही पावसात कुजले. माईंनी फळांतल्या चिमूटभर बिया धुऊन, वाळवून कागदात बांधून दिल्या. "तुझ्या हाताला गुण आहे. यांचं एवढंच उरलंय बघ."

अशा बिया शेवाळावर रुजवतात, पण ते डोंगरातून ओरबाडून आणावं लागतं. बाईंच्या जिवाला ते पटेना. त्या राहत त्या देवासच्या टेकडीवर देवीपुढे फुटणाऱ्या नारळांच्या शेंड्या पायथ्याशी ढिगानं पडत. त्यांनी पिशवीभर आणल्या, धुतल्या, पिंजल्या. इथवर सगळं बरोबर. पण देवीच्या दारचा काथ्या, त्याला साधं पाणी कसं घालावं? रोज अभिषेकाचं पंचामृत घातलं.

नवरे भास्करराव डबा घेता घेता म्हणाले, "मला नाही हो कधी मध मिळत!"

बरं झालं, निम्म्या बिया अजून कागदातच होत्या. बाई परात घेऊन भास्कररावांच्या कारखान्याच्या बागेतल्या गणोजी माळ्याकडे गेल्या. त्यानं वास घेतला नि खो खो हसला.

"वहिनी, ये तो श्रीखंड जमवलंत!"

"तीर्थ होतं ते."

"देवाला चालतं. इथे साखर दिसली की बुरशी पंगत मांडते."

"मग पाप लागलं का रे?"

"पाप कसलं! नवा काथ्या उकळा, जरा कोळशाचा चुरा मिसळा. बिया वरच ठेवा, दडपू नका, त्यांना उजेड लागतो. वर काच. पाणी उकळून गार केलेलं. बस्स."

"आणि हात जोडले तर?"

"जोडा की. फक्त रिकामे."

दर पत्रात माई विचारत, 'उगवलं का?' बाई तेवढं वाक्य सोडून बाकी सगळ्याचं उत्तर लिहीत. धारचं झाड तोवर पार वाळलं होतं.

गणोजीनं सांगितलं तशा उरलेल्या बिया पेरल्या, त्याच्या एकोणिसाव्या दिवशी नव्या काथ्यावर हिरवे ठिपके दिसले. मोहरीहून बारीक, अकरा. बाईंनी देवीला हात जोडले, मग गणोजीला, मग शेंड्या फुकट नेऊ देणाऱ्या नारळवाल्यालाही. आपली चूक पोटात घालून ही अकरा उगवली, यानंच त्यांना भरून आलं.

चार महिन्यांत रोपं बोटाच्या पेराएवढी झाली. त्यातली सहा त्यांनी काथ्यासकट डब्यात बसवली, आणि धारच्या गाडीची वेळ विचारायला बसस्टँडवर निघाल्या.