साहेबापुढं खोकायचं नाही

लवंगेचा वास आला की मी आधी दाराकडं बघते. सुना हसतात. "आत्याबाई, मसाला भाजतोय, कुणी पाव्हणं न्हाई आलं." मीही हसते. पण त्यांना कसं सांगू, की दाराबाहेर कुणीतरी खोकला दाबून उभं आहे असं मला वाटतं. आणि हे वाटणं म्हातारपणाचं नाही बरं का. लढाईच्या सालांपासून ते माझ्या मागं लागलेलं आहे.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, शेवगावच्या तालुका कचेरीत पट्टेवाले होते. खांद्यावरून तिरपा पट्टा, त्यावर पितळेचा बिल्ला, आणि साहेबाच्या दाराबाहेर एक स्टूल. घंटी वाजली की उठायचं, नाही वाजली की बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण साहेब आत लिहीत असला की बाहेर पायताण वाजवायचं नाही, जांभई द्यायची नाही, आणि खोकायचं तर नाहीच नाही. आबांना नोकरीत घेतलं तेव्हा जुन्या पट्टेवाल्यानं पहिली शिकवण दिली ती हीच. आबा ती आम्हाला श्लोकासारखी म्हणून दाखवायचे.

आणि देवाची करणी बघा, आबांना धरलं ते दम्यानं.

मग त्यांनी खोकला दाबायची विद्या शिकून घेतली. गालात एक लवंग, जीभ टाळ्याला घट्ट लावलेली, आणि गळ्याच्या खड्ड्यात अंगठा. चेहरा वांग्यासारखा व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं, पण आवाज म्हणून निघायचा नाही. साहेब जेवायला गेला की कचेरीमागच्या चिंचेच्या बुंध्याला धरून ते दिवसभराचं खोकून घ्यायचे. मी भाकरी घेऊन जायची तेव्हा बघायची. एखादं माणूस उलटं करून झाडावं तसं व्हायचं त्यांचं. घरी ज्वारीच्या पोत्याला टेकून बसायचे ते तसेच उजाडेपर्यंत. आडवं झालं की श्वासच अडायचा. माझे आबा आडवे झोपलेले मला आठवतच नाहीत.

पुढं पुढं नोटिसा घेऊन गावोगाव जाणं होईना. त्यांच्या जोडीला कचेरीत दुसरे एक पट्टेवाले होते, मुसलमान, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. आबांचे फेरे तेच करायचे. एका दिवशी त्यांनीच आबांना अव्वल कारकुनापुढं उभं केलं. कारकुनांनी नीट समजावून सांगितलं. आपण होऊन नोकरी सोडली तर हातात काही नाही. पण नगरच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं, की हा माणूस आता कामाचा राहिला नाही, तर जिवंत असेपर्यंत थोडी का होईना, पेनशन. डॉक्टरानं एक ओळ लिहायची, की आबा स्टुलावरून सुटले आणि आमची चूल पेटती राहिली. एवढंच होतं सगळं. एका ओळीचं काम.

तारीख आली. आईनं काय केलं असेल? न्हाव्याला घरी बोलावून आबांची गुळगुळीत दाढी करून घेतली. कढत पाण्यानं अंघोळ घातली. कोट धुवून निखारे घातलेल्या तांब्याखाली दाबून त्याच्या घड्या बसवल्या. मला चिंच दिली आणि म्हणाली, "बिल्ला घास. त्यात तोंड दिसलं पायजे." मी घासला. माझं तोंड दिसलं त्यात.

आई अंगावर पिणारं बाळ सोडून येऊ शकत नव्हती, म्हणून बरोबर मला धाडलं. तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन. तिनं माझ्या ओटीत एक पुडी बांधली. वाळलेली धोतऱ्याची पानं होती. चिलमीत घालून ओढली की आबांची छाती घटकाभर मोकळी व्हायची. "डागदरापुढं जायच्या आदी भरून दे. साहेबाम्होरं धापा टाकीत उभं ऱ्हायचं म्हंजी कसं दिसतं? आन् ऐक, गाडीत, दवाखान्यात, कुनाला दम्याचं बोलायचं न्हाई. दम्याच्या घरातली पोर कोन करून घेनार हाय? तुजी जीभ लई लांब हाय, तिला गाठ मार."

माझी जीभ लांब होती हे खरं. अजूनही आहे.

मोटारअड्ड्यावर चाचा निरोप द्यायला आलेले. आबांना बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे भाई, पेनशन मागायला निघालास का नवरी बघायला?"

"मोठ्या साहेबाम्होरं जायाचं. मग कसा जाऊ?"

"मरणाऱ्यासारखा जा!"

आई फणकारली, "चाचा, जिभंला काय हाड?"

"भाभी, माझ्या जिभेला हाड नाही ते खरं. पण डॉक्टरला दिसायला पाहिजे ना, आत काय आहे ते!"

आबा हसले. चाचांनी त्यांची टोपी मुद्दाम वाकडी केली, आबांनी परत सरळ केली.

लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या. मागं भट्टी लावलेली. तो धूर आत यायचा. आबा अख्खा रस्ता गालात लवंग धरून, डोळे मिटून बसले. शेजारी बसलेला एक बागवान मला म्हणाला, "तुजा बाप झोपला वाटतं." मी मान हलवली. झोपला नव्हता. मोजून श्वास घेत होता.

दवाखान्याच्या आवारात एक लिंब होता. त्याच्या आडोशाला बसून मी चिलीम भरली, वर निखारा ठेवला. आबांनी तीन-चार दम ओढले. छातीतली शीळ हळूहळू बारीक झाली, मग ऐकूच येईना. त्यांनी कोट झटकला, बिल्ला सरळ केला, आणि मला विचारलं, "बरा दिसतो का गं?"

मी म्हणाले, "लई बरं दिसता, आबा."

बाहेर बाकावर बायामाणसं बसली होती. एक बाई आमच्याच बाजूची, ढोरजळगावकडची निघाली. मला जवळ घेऊन बसली. कुणाची गं तू, किती भावंडं, कुठं दिली का तुला, तिची चौकशी चाललेली. मला मोठं झाल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात आबांना हाक आली. दाराला अर्धी फळी होती, तिच्या खालून-वरून आतलं सगळं दिसायचं, ऐकू यायचं.

आबा आत गेले आणि जे करायचं तेच केलं. वीस वर्षं तेच केलेलं. टाचा जुळवून मुजरा, आणि भिंतीला पाठ न लावता सरळ उभे.

डॉक्टर गोरे नव्हते, आपल्यातलेच होते, वयस्क, स्वभावानं वाईट नव्हते. म्हणाले, "काय होतंय?"

"काही नाही साहेब. आपली मेहेरबानी हाय."

"अरे, काही नाही तर आलास कशाला?"

"जरा दम लागतो साहेब."

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. पाठीला लावली. श्वास घ्यायला लावला, सोडायला लावला. आबांचा अंगठा गळ्याच्या खड्ड्यात जाताना मी पाहिला. चिलमीनं बाकीचं काम केलेलं होतंच. डॉक्टरांनी खोलीतून चालायला लावलं. आबा असे चालले, की जणू साहेबाच्या पुढं वर्दी घेऊन चाललेत.

डॉक्टर टेबलाशी बसले. टाक उचलला. पण लिहिलं नाही लगेच. म्हणाले, "छातीत थोडं आहे तुझ्या. किती आहे ते कळत नाही." मग त्यांची नजर फळीवरून माझ्यावर आली. "ही तुझी मुलगी? पोरी, इकडं ये. खरं सांग, तुझा बाप रात्री झोपतो का नीट?"

मी दारात उभी. मागं बाकावरची बाई कान देऊन. आबा माझ्याकडं बघत होते. डोळ्यांनी त्यांनी मला काहीच सांगितलं नाही, हे मी हजारदा आठवून पाहिलं आहे. हो म्हण असंही नाही, नाही म्हण असंही नाही. नुसते बघत होते.

मी म्हणाले, "झोपत्यात की." आणि तेवढ्यावर माझी जीभ थांबली असती तरी चाललं असतं. मी पुढं म्हणाले, "घोरत्यात सुदीक. भांडी हालत्यात."

बाकावरची माणसं हसली. डॉक्टर हसले. आबाही हसले, तोंडावर हात धरून. आणि डॉक्टरांनी टाक कागदावर टेकवला.

कागद इंग्रजीत होता, बंद पाकिटात. घरी आलो तेव्हा आईनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. आबा म्हणाले, "तब्येत चांगली ठेवलीस म्हणाले." साहेब खूश, म्हणजे पेनशन आलीच, असं आईला वाटलं. तिला इतका आनंद झाला, की तिनं देवापुढं गूळ ठेवला आणि शेजारच्या दोन घरी वाटला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पाकीट फुटलं. संध्याकाळी चाचा आले, आणि आई त्यांच्या हातावर गूळ ठेवायला गेली. चाचांनी हात मागं घेतला.

"भाभी, गूळ कसला वाटतेस? नोकरीला लायक म्हणून लिहिलंय. पेनशन नाही."

आई तशीच उभी राहिली. हातातला गूळ तिच्या बोटांना चिकटला होता. म्हणाली, "म्हंजी मी दाडी कराया लावली म्हनून?"

मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. मला तेव्हा बोलता आलं असतं.

आबा पुन्हा स्टुलावर बसायला लागले. थंडी पडली तसा दमा चढत गेला. चाचांनी खटपट करून दुसरा अर्ज करायला लावला, परत तारीख मिळणार असं अव्वल कारकून म्हणाले. मग चाचा रोज येऊन आबांना खोकायला शिकवायचे. हो, खरंच! ओसरीवर डॉक्टर होऊन बसायचे, आणि आबांनी पुढं उभं राहायचं.

"हां, खोक आता."

"येत न्हाई."

"अरे, दिवसभर त्या चिंचेपाशी येतो, आणि इथं येत नाही?"

"तुमी साहेबावानी बसल्यावर कसा येईल?"

आम्ही पोटं धरून हसायचो. आबा एखादा खोटा खोकला काढायचे, शेळी शिंकल्यासारखा, आणि चाचा म्हणायचे, "नापास." हसता हसता खरी उबळ यायची आणि मग हसणं थांबायचं. तरी दाढी वाढवायची, अंघोळ करायची नाही, चिलीम न्यायची नाही, सगळं ठरलं होतं. मीही मनाशी ठरवलं होतं. या वेळी विचारलं तर खरं सांगेन. पोत्याचं सांगेन. मग तिथं कुणी का बसलेलं असेना.

एका दुपारी साहेबानं तीनदा घंटी वाजवली. आबा स्टुलावर नव्हते. साहेबाची कसलीशी सुनावणी चालली होती, आत माणसं होती, म्हणून ते खोकायला मागं गेले होते. चाचांना ते चिंचेखाली बसलेले सापडले, बुंध्याला टेकून. मी भाकरी घेऊन पोचले तेव्हा चाचांनी त्यांचा बिल्ला सरळ केला होता. गालात लवंग तशीच होती. तेवढीच मला दिसली, गालावरचा एक बारीक उंचवटा.

पट्टा आणि बिल्ला सरकारी, ते परत द्यावे लागले. चाचाच न्यायला आले. आईनं मला चिंच दिली नाही. मीच मागितली, आणि घासून दिला.

त्यानंतर महिना झाला असेल, दुसऱ्या तपासणीची तारीख कळवणारा कागद आला. चाचांनी वाचून दाखवला. आईनं तो देव्हाऱ्यामागं खोचला आणि वर्षानुवर्षं तिथंच राहू दिला. कागद आला तो आबांसाठी, आबा गेल्यावर. पेनशन आमच्या घरात कधी आली नाही. आई लोकांची दळणं दळायला लागली, मी तिच्याबरोबर जात्याला बसले.

आई पुष्कळ जगली. शेवटी शेवटी तिला काही आठवायचं नाही, पण हे आठवायचं. कधीही, भाजी निवडताना, उन्हात बसलेली असताना म्हणायची, "मी दाडी कराया लावाया नको हुती गं. कढत पानी नको हुतं घालाया." मी म्हणायची, "आई, राहू दे आता ते." तिला वाटायचं मी तिला धीर देते.

तिला मी सांगितलं नाही. डॉक्टरांनी टाक थांबवला होता, कागद कोरा होता, आणि मला विचारलं होतं, हे मी तिला कधीच सांगितलं नाही. आधी मार बसेल म्हणून. मग माझं लग्न व्हायचं होतं म्हणून. नंतर ती म्हातारी झाली म्हणून. तिचा अपराध नव्हता, आणि तो मी तिच्याकडं मरेपर्यंत ठेवला.

आता मीही त्याच वयाची झाले. परवा मलाच खोकला झाला, तर धाकट्या सुनेनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण पोरसवदा, गोड. नळी लावून म्हणाली, "आजी, झोप लागते का नीट?" मी तोंड उघडलं, आणि मला दाराबाहेर तो आवाज आला. खोकल्याचा नाही. खोकला गिळल्याचा. मी वळून पाहिलं. दार बंद होतं.

"लागते की," मी म्हणाले.