फिदेन्सियोची जीभ

टेक्सासमधल्या लारेडोच्या पश्चिम वस्तीत मक्याचे चिप्स विकणाऱ्या फिदेन्सियोच्या जिभेचा भलताच दरारा होता. लग्नाच्या पंगतीत दुसऱ्याचे चिप्स तोंडात टाकायचा आणि सरळ रुमालात थुंकायचा. "हा मका नाही, भुसा आहे!" यजमानीण लाजेनं अर्धी व्हायची आणि हा मिशीला पीळ द्यायचा. शेजारी त्याची बायको हॉर्टेन्सिया मान खाली घालून बसायची. एकतीस वर्षं!

या जिभेचे लाड पुरवले कुणी? तिनंच की. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका ती रोज पहाटे चोळचोळून धुवायची. बोटांना भेगा पडायच्या, त्यात मिरची गेली की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. एकदा म्हणाली, मका धुवायचं यंत्र घेऊ या. तर हा गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, "मग तुला कशाला पोसू?" गिऱ्हाइकं हसली. तीही हसली, काय करणार!

यंदा मुलगा, ओमार, हटून बसला. आप्पांची साखर वाढलेली, त्यात गिऱ्हाईक बिनधान्याचे, तब्येतीला बरे म्हणतात तसले चिप्स मागू लागलेलं. साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याच्या पिठाचे चिप्स करू, मक्याचं जातं विकून टाकू, असं त्याचं म्हणणं. हॉर्टेन्सियाच्या जिवात जीव आला. जातं गेलं की तिचं मका धुणंही सुटणार होतं.

"आजाऱ्याचं खाणं!" फिदेन्सियो गरजला. "रविवारी डोळे बांधा माझे. दोन वाट्या ठेवा. चुकलो तर जातं विका!"

तो चुकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तळण तिच्या हातात होतं.

आठवडाभर मका तळून काळ्या झालेल्या तेलात तिनं कंदाचे चिप्स सोडले, वर भाजक्या मक्याचं पीठ चोळलं. खऱ्या मक्याला मात्र इतक्या पाण्यांनी धुतलं की चुन्याचा वास औषधाला उरला नाही. तो कोऱ्या तेलात तळला. ओमारला यातलं काही माहीत नव्हतं.

रविवारी अंगणात मांस भाजत होतं, सगळा शेजार जमला होता. डोळे बांधलेल्या फिदेन्सियोनं पहिला तुकडा चावला. "थू! हा तुमचा कंद." मग दुसरा. चेहरा उजळला. "हा माझा! माझ्या जात्याचा!"

ओमारनं फडकं सोडलं. "आप्पा, उलटं झालं."

हशा फुटला. जिच्या लग्नात तो थुंकला होता, ती सेलिया रुमाल घेऊन धावली. "थुंका ना, डॉन फिदेन्सियो, थुंका!"

त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. दुसरी वाटी उचलून तो बायकोपाशी आला. "टेन्चा, तू खाऊन सांग. मला अजून मक्याचाच लागतोय गं."

आजवर त्यानं तिला चव विचारली नव्हती. तिनं तुकडा चावला. हुबेहूब मका. तिचं तिलाच कौतुक वाटलं.

"कसला मका! कंद आहे नुसता," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "शेंबड्या पोरालाही कळेल. तुझी जीभ मेली, म्हाताऱ्या."

जातं आठवड्यात विकलं गेलं. आता फिदेन्सियो पहिला घास हातात धरून थांबतो. "चांगलं झालंय ना गं?" विचारतो. ती "हो" म्हणाली की शिळंही मुकाट्यानं गिळतो. कधीकधी ती मुद्दाम शिळंच वाढते.