रुळाच्या तुकड्याची खूण

अर्ध्याहून जास्त वाट सरली, तरी मावशी थांबायचं नाव घेईना. भाची मात्र धापा टाकत होती.

"तुझ्या वयाची होते तेव्हा डबा घेऊन ही वाट मी पळत तोडायची," मावशी म्हणाली. "आणि आता बघ, भट्टीच्या जागी कॉफीचं दुकान! तेवढीच आच शिल्लक ठेवलीय मेल्यांनी."

ओतकामाचा कारखाना बंद पडून वर्षं लोटली होती. आता तिथं खाली दुकानं, वर घरं, मधोमध हिरवळ आणि सावलीचे रस्ते. सगळं देखणं होतं, नाही कशाला म्हणायचं? पण मावशीची नजर हिरवळीच्या कडेनं एक कोपरा शोधत फिरत होती.

लेक पोटात होती तेव्हा मावशीचे यजमान वितळलेल्या लोखंडात पडले. हाती काहीच लागलं नाही. मग भट्टीवरच्या सोबत्यांनी हट्टच धरला, हे लोखंड साच्यात जायचं नाही. त्यांनी ते तसंच निवू दिलं आणि तो ठोकळा आवारात पुरला. नावाची पाटी मालकाला नको होती, म्हणून वर रुळाचा एक तुकडा रोवला. जन्म लोखंडात गेलेली माणसं ती, खुणेलाही त्यांना लोखंडच सुचलं.

आता लेक दूरच्या गावाहून येणार होती, पहिल्यांदाच. बाबांची जागा बघायची, एवढंच तिचं मागणं. ती यायच्या आत मावशीला खूण हुडकून ठेवायची होती.

झाडांना पाणी घालणाऱ्या माळ्याला तिनं विचारलं.

"रूळ? होता ना, आजी. तो बघूनच तर भंगारवाल्यांनी तिथं खणलं. खाली हा एवढा ठोकळा! क्रेनला आवरेना. खूश झाले गडी."

"कुठं नेला?"

"भट्टीत. भंगार आणखी कुठं जाणार?" माळी हसून म्हणाला आणि पाइप ओढत पुढं गेला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

मावशी गवतातच बसली. भाचीनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. 

"साधा धोंडा ठेवला असता तर कुणी ढुंकून बघितलं नसतं," मावशी म्हणाली. "पण बोल तरी कुणाला लावू? रडत रडत रोवला होता गं त्यांनी तो." मग तळव्यानं गवत चाचपत हळूच म्हणाली, "दोनदा भट्टीत गेले हे."

 शेवटी मावशीनं भाचीचा हात धरला.

"लेकीला मी इथंच आणीन. ती मला विचारेल, पण माझ्या तोंडावर सगळं दिसतं. तू कधी खोटं बोलत नाहीस, हे ती जाणून आहे. तेव्हा तूच सांग तिला, तुझे बाबा इथंच आहेत, या गवताखाली. एवढं कर माझ्यासाठी."